पट्टी आमची, पाणी कोणाचं?

काटोलात आमचा अभ्यासवर्ग विहाराच्या ओट्यावर भरतो, रविवारी संध्याकाळी. संत्र्याच्या बगीच्यातून, दुकानांतून, मजुरीवरून सुटलेली पोरं येतात. मागे एकदा महाडचा विषय चालू होता. एक पोरगा मधेच उठला. म्हणाला, "दादा, महाड समजलं. आता माझ्या मामाचं सांगा. मामानं नागपूरच्या बाजूला प्लॉट घेतला, घर बांधलं. वीस वर्षं झाले, घरपट्टी भरून राहिला. आता त्याले नालीचे, रोडचे, पाण्याच्या लाइनीचे पैसे वेगळे भराले सांगून राहिले. हे पैसे कायचे? भराचे का नाही, एवढंच सांगा. इतिहास नंतर सांगजा."

पोरं हसली. मला हसू आलं नाही. आपण महाडचा धडा नीट शिकवला असता तर या पोराला हा प्रश्न महाडच्या बाहेरचा वाटला नसता. त्या संध्याकाळी मला त्याला धड उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे ते राहिलेलं उत्तर आहे.

*

माझ्या आजीजवळ एक पत्र्याची पेटी होती. पेटीत बाबासाहेबांचा फोटो, एक निळं लुगडं आणि सुतळीनं बांधलेला पट्टीच्या पावत्यांचा गठ्ठा. आजीला अक्षर येत नव्हतं. पण कोणती पावती कोणत्या सालची, हे ती कागदाच्या रंगावरून सांगे. "आपल्याले वावर नाही, बगीचा नाही. हाच आपला सातबारा हाय बाप्पा," असं म्हणून ती गठ्ठा पुन्हा बांधून ठेवी.

मोठा झाल्यावर मी त्या पावत्या वाचल्या. घर, पाणी, दिवाबत्ती, सफाई. एकेक रकाना, रकान्यात आकडा. ज्या सालच्या त्या पावत्या, त्या सालात आमच्या गल्लीत दिव्याचा खांब नव्हता. नाली नव्हती. पाण्यासाठी माय दुसऱ्या मोहल्ल्यातल्या सार्वजनिक नळावर जाई आणि सगळ्यांचं भरून झाल्यावर तिचा गुंड भरे. पावतीवर शिक्का कोणत्या कचेरीचा होता, ते इथं सांगण्याची गरज नाही. मित्रांनो, तुमच्या घरची पेटी उघडा. असाच गठ्ठा सापडेल. गावाचं नाव तेवढं बदलेल.

म्हणजे पहिली गोष्ट ही लक्षात घ्या: आपले लोक फुकटे नव्हते. 'झोपडपट्टीवाले पट्टी भरत नाहीत आणि सोयी मागतात' ही ओरड आपण रोज ऐकतो. आजीच्या पेटीनं ती खोटी पाडलेली आहे. पट्टी आम्ही भरली. त्या पट्टीची नाली मात्र दुसऱ्याच्या दारात बांधली गेली.

*

हे रकाने आले कुठून? काटोल हे जुन्या मध्यप्रांतातलं गाव. मध्यप्रांतातल्या नगरपालिकांचा कायदा 1922 चा. 1956 ला विदर्भ मुंबई राज्यात आला, 1960 ला महाराष्ट्र झाला. आज काटोलची नगरपरिषद चालते ती 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषदांच्या कायद्याखाली. हा कायदा कार्यकर्त्यानं एकदा तरी हातात घ्यावा. त्यात एका बाजूला नगरपरिषदेची बंधनकारक कर्तव्यं लिहिलेली आहेत. रस्ते, नाल्या, गटारं, सार्वजनिक संडास, पिण्याचं पाणी ही त्यातली कर्तव्यं आहेत, मेहेरबानी नव्हे. दुसऱ्या बाजूला कर लिहिलेले आहेत. मालमत्तेवर एक एकत्रित कर. त्याच्याच पोटात सर्वसाधारण पाणीकर, दिवाबत्तीकर, सर्वसाधारण स्वच्छताकर. घरात नळजोडणी घेतली तर विशेष पाणीकर निराळा.

आता यातली मेख बघा. सर्वसाधारण कर म्हणजे सगळ्या गावानं सगळ्या गावासाठी भरायचा पैसा. तो भरला की 'माझ्या दारात काय केलं?' असं विचारता येत नाही, असं कर घेणारा सांगतो. आणि दारात काही करायची वेळ आली की तोच म्हणतो, 'तुमच्या दारातलं काम आहे, तुम्ही वेगळं शुल्क भरा.' गावाच्या नावानं एकदा, दाराच्या नावानं दुसऱ्यांदा. ज्याच्या दारात आधीच सगळं झालेलं आहे, त्याला दुसऱ्यांदा भरावं लागत नाही. कारण त्याच्या दारातलं काम तेव्हा गावाच्या पैशातून झालं. त्या गावात आजीही होती.

कायद्यात कर आणि शुल्क यांत फरक आहे. शिरूर मठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1954 साली तो सांगून ठेवला. कर हा सार्वजनिक कामासाठी सक्तीनं घ्यायचा पैसा. त्याच्या बदल्यात अमुक माणसाला अमुक मिळालं पाहिजे असं बंधन नाही. शुल्क मात्र सेवेच्या बदल्यात असतं. पुढच्या निकालांनी हा हिशेब सैल केला, पैशाला पैसा जुळलाच पाहिजे असं राहिलं नाही. पण मुळातला संबंध सुटला नाही. संविधानाचं कलम 265 तर सरळ सांगतं की कायद्याच्या अधिकाराशिवाय कर बसवता येत नाही. तेव्हा 'विकास शुल्क' असा शब्द कागदावर दिसला की पहिला प्रश्न: कोणत्या कलमाखाली? दुसरा प्रश्न: बदल्यात काय, आणि कधी?

*

आता महाडला चला. महाड आपण माणुसकीच्या हक्काचा लढा म्हणून शिकतो, आणि तो होताच. पण त्याचा पाया सार्वजनिक पैशाचा होता, हे आपल्या भाषणांतून सुटून जातं.

4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. त्याचे शब्द नीट समजून घ्या. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करा, असा तो ठराव होता. त्यानं कोणाच्या दयेला हात घातला नाही. तिजोरीला हात घातला. तिजोरी सगळ्यांची, मग पाणी सगळ्यांचं. ठराव कागदावर राहतो आहे हे पाहून बोल्यांनी 5 ऑगस्ट 1926 ला पुढचा ठराव आणला: ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डं ठराव अमलात आणणार नाहीत, त्यांचं सरकारी अनुदान बंद करा. पुन्हा पैसाच.

महाडच्या नगरपालिकेनं 1924 मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. ऑगस्ट 1927 मध्ये नगरपालिकेनं आपलाच ठराव मागं घेतला. डिसेंबरात सवर्णांनी दावा लावला. त्या दाव्यात त्यांचं म्हणणं काय होतं? हे तळं खासगी स्वरूपाचं आहे, फक्त स्पृश्यांचं आहे, आणि अस्पृश्यांना मज्जाव करण्याची वहिवाट पुरातन आहे. तळ्याच्या चारी बाजूंना नगरपालिकेचे रस्ते, रस्त्यांपलीकडे सवर्णांची घरं. ज्यांची घरं काठाला, त्यांचं तळं! खटला दहा वर्षं चालला. 17 मार्च 1937 ला मुंबई उच्च न्यायालयानं निकाल बाबासाहेबांच्या बाजूनं दिला. तळं नगरपालिकेचं ठरलं, पुरातन वहिवाट सिद्ध झाली नाही.

मित्रांनो, पाण्याच्या बाबतीत दोन तत्त्वं समोरासमोर उभी राहिली ती इथं. एक तत्त्व म्हणतं, ज्याचं घर, ज्याची जमीन, ज्याची जात, त्याचं पाणी. दुसरं म्हणतं, पैसा सार्वजनिक, म्हणून पाणी सार्वजनिक, म्हणून माणूस म्हणून माझं. बाबासाहेबांनी दुसरं तत्त्व नुसतं जिंकलं नाही, ते देशाच्या कायद्यात आलं. संविधानाचं कलम 15 चा दुसरा भाग उघडा. राज्याच्या निधीतून पूर्णतः किंवा अंशतः चालणाऱ्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापराला धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून आडकाठी करता येणार नाही, असं तिथं लिहिलं आहे. 'अंशतः' हा शब्द लक्षात ठेवा. सरकारचा एक रुपया लागला तरी पुरे.

आणि हे काम एका दिवसात सुचलेलं नव्हतं. 1919 मध्ये साउथबरो समितीपुढं साक्ष देताना तरुण बाबासाहेब मताधिकाराचा विचार मांडत होते. तेव्हा मत असे ते मालमत्ता आणि कर पाहून. ज्याला माणूस म्हणून मालमत्ता करू दिली नाही, त्याला मालमत्ता नाही म्हणून मत नाही! म्हणून अस्पृश्यांसाठी ही अट खाली आणा, असं त्यांनी मागितलं. पुढं त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली आणि संविधानानं तो दिला. मतपेटीवरून घरमालक हटला आणि माणूस आला. नळावरून आणि नालीवरून मात्र घरमालक हटायचा आहे.

*

नाली म्हटलं की एका माणसाला विसरून चालणार नाही. जुन्या काळात गावच्या संडासांची सफाई हाही कराचा एक रकाना होता. 1965 च्या कायद्यातही खासगी संडासांच्या सफाईसाठी विशेष स्वच्छताकर आहे. कर घरमालक भरे, पैसा पालिकेत जमा होई, आणि घाण उचले तो मेहतर. सेवा कोणाची, हिशेब कोणाचा? उत्तर प्रदेशात तर 1916 च्या नगरपालिका कायद्यात असं होतं की वहिवाटीनं घर लागलेल्या सफाईवाल्यानं काम नीट केलं नाही तर घरवाल्यानं मॅजिस्ट्रेटकडे जावं. मॅजिस्ट्रेट त्याला दंड करी आणि त्याचा तो हक्कही काढून घेई. बाबासाहेबांनी आपल्या लिखाणात हे कलम नोंदवून ठेवलं आहे. कर भरणाऱ्याला सेवेचा हक्क. आणि सेवा देणाऱ्याला काम नाकारायचाही हक्क नाही.

हा इतिहास संपला म्हणू नका. 1993 ला हातानं मैला उचलण्यावर बंदीचा कायदा झाला, 2013 ला दुसरा झाला. गटारात मेलेल्यांच्या घरच्यांना 10 लाख रुपये द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये सांगितलं. 20 ऑक्टोबर 2023 ला ती रक्कम 30 लाख केली. रक्कम वाढवावी लागली, म्हणजे माणसं मरत राहिली. तेव्हा गटाराच्या शुल्काचा विचार करताना नुसतं 'आमच्या दारात आणा' म्हणून भागत नाही. ते गटार साफ कोण करणार आणि कशानं, हाही त्याच कागदातला प्रश्न आहे. यंत्राचा खर्च शुल्कात धरला नसेल तर तो खर्च कोणाच्या तरी अंगावर धरलेला असतो.

*

आता त्या पोराच्या मामाकडे येऊ. घरमालकाकडून नालीचे, रस्त्याचे पैसे घ्यायची कल्पना आली कुठून?

तिची एक वाट मुंबईची. मुंबई महापालिकेच्या 1888 च्या कायद्यात खासगी रस्त्याचं कलम आहे. रस्ता खासगी असेल, सपाट नसेल, गटार नसेल, तर त्याच्या कडेच्या जागांच्या मालकांना नोटीस देऊन ते काम त्यांच्याकडून करून घ्यायचं. काम झालं की रस्ता सार्वजनिक. दुसरी वाट प्लेगची. 1896 ला मुंबईत प्लेग आला, 1898 ला मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. 1915 च्या मुंबई नगररचना कायद्यात सुधार आकार आला. सरकारनं रस्ता काढला, गटार टाकलं, म्हणून ज्याच्या जमिनीचा भाव वाढला, त्यानं वाढलेल्या भावातला निम्म्यापर्यंत हिस्सा परत द्यायचा. आपल्या नागपुरात इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यास, 1936 च्या कायद्यानं आला. त्या कायद्यातही सुधार आकाराची तरतूद आली.

कल्पना वाईट आहे का? मी म्हणतो, नाही. ज्यानं बोट हलवलं नाही आणि सार्वजनिक पैशातून ज्याच्या जमिनीचं सोनं झालं, त्यानं त्यातला वाटा सार्वजनिक तिजोरीत द्यावा, याला आंबेडकरवाद्याचा विरोध कशाला असेल? आयतं खाणाऱ्याकडून वसूल करा, जरूर करा. पण या कल्पनेला तीन पाय आहेत. काम आधी झालेलं असलं पाहिजे. त्या कामानं जमिनीचा भाव वाढलेला असला पाहिजे. आणि तो वाढलेला भाव ज्याच्या पदरात पडतो, तो खरा मालक असला पाहिजे. यातला एक जरी पाय मोडला तरी सुधार आकाराचा दंड होतो. गरिबाच्या वस्तीत तिन्ही मोडतात.

नागपूरची गोष्ट घ्या. 1976 ला नागरी जमीन कमाल धारणेचा कायदा आला. महाराष्ट्रात तो 2007 पर्यंत होता. शहराभोवतीच्या शेतमालकांनी आणि संस्थावाल्यांनी शेतीचे तुकडे पाडले. अकृषक परवानगी नाही, मंजूर नकाशा नाही. स्टॅम्पपेपरवर करारनामा आणि कब्जापत्र, बस. घेतले कोणी? गिरणीतल्या कामगारानं, रेल्वेतल्या चपराश्यानं, रिक्षावाल्यानं, आपल्या तालुक्यातून पोट भरायला गेलेल्या मजुरानं. शहरातला मंजूर प्लॉट त्याला परवडत नव्हता, आणि परवडला तरी मोहल्ला त्याला घेत नव्हता. असे लेआउट शेकड्यांनी झाले. '572 लेआउट' आणि '1900 लेआउट' हे आकडे नागपुरात शाळेतल्या पोरालाही माहीत आहेत. ते नियमित करायचं काम निघालं तेव्हा विकास शुल्क, डिमांड नोट, आर.एल. लेटर हे शब्द घराघरात आले. 2001 मध्ये महाराष्ट्राचा गुंठेवारी कायदा झाला. 1 जानेवारी 2001 पर्यंतची गुंठेवारी दंडाची रक्कम आणि विकास शुल्क भरून नियमित करता येईल, आणि त्या शुल्कातून त्या जागेवर सोयी करायच्या, असा तो कायदा. 2021 मध्ये ही तारीख 31 डिसेंबर 2020 पर्यंत पुढं नेली.

आता हिशेब मांडा. तुकडे पाडून विकणारा पैसे घेऊन गेला. कायद्यानं रस्ता-नाली करून देणं ही त्याची जबाबदारी होती. ती टाळूनच तो भाव 'स्वस्त' झाला होता. राहणाऱ्यानं घराची पट्टी भरली. मग दंड भरला, मग विकास शुल्क भरलं. काम व्हायचं तेव्हा होणार. भाव ज्याच्या खिशात गेला तो हिशेबाच्या बाहेर, आणि चिखल तुडवणारा हिशेबाच्या आत. सुधार आकार होता फायदा घेणाऱ्यावर. इथं तो तोटा सोसणाऱ्यावर आला.

आणि ज्याच्याजवळ करारनामाही नाही, त्याचं काय? गुंठेवारी म्हणजे खासगी जमिनीचे तुकडे. सरकारी जागेवर, नाल्याच्या काठाला, रेल्वेच्या बाजूला बसलेली आपली वस्ती त्यात येतच नाही. तिला शुल्कही नाही आणि नालीही नाही. तिच्याकडून घरपट्टी मात्र घेतली जाते. आणि कायदा सांगतो, पट्टी घेतली म्हणून घर अधिकृत होत नाही. म्हणजे घ्यायच्या वेळी आम्ही घरमालक, द्यायच्या वेळी अतिक्रमणवाले. आजीचा सातबारा एवढ्यासाठीच कच्चा ठरला.

*

कोणाला वाटेल, ही आपल्याच देशातली रड आहे. तसं नाही. ज्यांच्या लढ्याकडं पाहून 1972 मध्ये दलित पँथरनं आपलं नाव घेतलं, त्या अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या गल्लीत जाऊन बघू. मिसिसिपी राज्यात शॉ नावाचं एक लहान गाव आहे, आपल्या काटोलपेक्षाही कितीतरी लहान. तेव्हा तिथं 2500 लोक: 1500 काळे, 1000 गोरे. ज्या घरांपुढं कच्चा रस्ता, त्यांतली 98 टक्के घरं काळ्यांची. ज्या घरांना गटार नाही, त्यांतली 97 टक्के काळ्यांच्या मोहल्ल्यात. अँड्र्यू हॉकिन्स आणि त्याचे गाववाले कोर्टात गेले. 1971 मध्ये तिथल्या अपील कोर्टानं गावाविरुद्ध निकाल दिला आणि 1972 ला तो कायम केला. न्यायाधीशांनी सांगितलं की कोणाच्या मनात पाप होतं हे सिद्ध करण्याची गरज नाही, आकडेच बोलतात. पुढं 1976 ला त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं दुसऱ्या एका खटल्यात 'हेतू सिद्ध करा' असं म्हणून ही वाट अरुंद केली. ते आपण लपवू नये. पण हॉकिन्सनं शिकवलेली रीत आपल्या कामाची आहे. त्यानं शिव्या मोजल्या नाहीत. नाल्या मोजल्या.

आपल्याकडेही एक निकाल झाला आहे. मुंबईत ठरलेल्या तारखेनंतरच्या झोपड्यांना पाणी नाही, असा नियम होता. पाणी हक्क समिती उच्च न्यायालयात गेली. 15 डिसेंबर 2014 ला न्यायालयानं सांगितलं की पाणी हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे कलम 21 चा भाग आहे. झोपडी बेकायदा आहे म्हणून माणसाला पाण्यावाचून ठेवता येणार नाही. जागेचा हक्क निराळा, पाण्याचा हक्क निराळा. मात्र अशा झोपड्यांना जास्त दरानं पाणी द्यायची मुभा पालिकेला ठेवली. बघा, अर्धं महाड पुन्हा जिंकलं. घरमालकीची अट गेली, पण जो जास्त गरीब त्याला दर जास्त. ही उरलेली अर्धी लढाई आता आपली आहे.

*

तर मग पैसे भरायचे की नाही?

बाबू, माझं उत्तर असं. 'भरणार नाही' ही घोषणा सोपी आहे, पण ती आपल्याला महाडच्या बाहेर नेते. आपला हक्क उभा आहे तो सार्वजनिक पैशावर. त्या तिजोरीत आपला पैसा आहे हे आपणच नाकारू तर पाय कशावर ठेवायचा? पण 'आधी भरा मग बघू' हेही मान्य करायचं नाही. पैसा दोन प्रकारचा आहे, तो मिसळू द्यायचा नाही. जगण्याला लागणारं पाणी, घाण वाहून नेणारी मुख्य नाली, वस्तीपर्यंतचा रस्ता हे गावाचं काम आहे. ते गावाच्या पैशातून झालं पाहिजे, जसं इतरांच्या दारात झालं. भाव वाढल्याचा आकार निराळा. तो भाव वाढल्यावर, मालकी दिल्यावर, आणि तुकडे पाडून विकणाऱ्याकडून आधी वसूल केल्यावर मागा.

सवलत मागताना लाजायचं कारण नाही, ते तत्त्व सरकारनंच मानलेलं आहे. 2019 पासूनच्या जल जीवन मिशनमध्ये गावातल्या अंतर्गत कामाला लोकवाटा 10 टक्के. पण जिथं अनुसूचित जाती-जमातीचे लोक निम्म्याहून जास्त, तिथं 5 टक्के. काटोल तालुक्यातल्या खेड्यात जे तत्त्व चालतं, ते शहरातल्या आपल्या वस्तीत का चालू नये?

आणि काम? काम वहीपासून सुरू होतं. हॉकिन्ससारखं. पुढच्या रविवारी वर्ग भरला की दोघादोघांनी एकेक मोहल्ला घ्या. किती घरं, किती नळ, नाली पक्की की कच्ची, दिव्याचे खांब किती, पट्टी किती, हे लिहा. आपला मोहल्लाच नाही, त्यांचाही लिहा. तुलना नसली तर ती नुसती तक्रार होते. मग 2005 च्या माहिती अधिकाराखाली अर्ज द्या. शुल्क कोणत्या कलमाखाली आहे, कामाचा एकूण खर्च किती, त्यात अनुदान किती, प्रत्येक घराची रक्कम कशावरून काढली, काम कधी सुरू होणार, सफाईला यंत्र आहे का. उत्तर आलं तर वर्गात मोठ्यानं वाचा. आलं नाही तर अपील करा. मामाला सांग, जे भरशील त्याची पावती घे. पावतीवर कामाचं नाव लिहून घे. कामाच्या नावाशिवाय पावती घेऊ नकोस.

पावती म्हणजे मालकी नव्हे, हे मी वर लिहिलं. पण पावती म्हणजे साक्ष आहे. आजीनं आयुष्यभर साक्ष जमवली आणि तिला कोर्ट मिळालं नाही. ती गेली तेव्हा पेटी माझ्याकडे आली. परवा मी तो गठ्ठा सोडला आणि पावत्या सालाप्रमाणे लावल्या. बेरीज करायला बसलो. दिवाबत्तीच्या रकान्याची बेरीज वेगळी, सफाईची वेगळी, पाण्याची वेगळी. बेरीज मोठी नाही. पण ती आमच्याकडून आलेली आहे, हे आता कोणाला खोडता यायचं नाही.

रविवारी पेटी घेऊन येतो. तुम्हीही आपापल्या घेऊन या.

जयभीम.